आबा आंघोळीला गेलेत

आबा,

मी तुमची खोटी सही केली. आधी तेच सांगून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचं लिहिता लिहिता ते राहून जाईल. नुसती सही नाही, तुमच्या नावानं अख्खं पत्र केलं. तुमच्या दुकानाच्या छापील कागदावर, खाली तुमचा शिक्का मारून, आणि तारीख टाकली यंदाची. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. त्या कागदावर तुमचा फोन नंबर छापलेला होता. कंपनीतून त्या नंबरवर फोन आला आणि तो तुम्ही उचललात. म्हणजे मी उचलला, तुमच्या आवाजात.

हे खरं तर अहिराणीत लिहायला पाहिजे होतं, पण ती मला बोलता येते, लिहिता येत नाही. शाळेत शिकवली नाही, आणि जे शिकवलं ते तरी कुठं आलं. दहावीला दोनदा बसलो, मग आयटीआयचा वायरमन, मग तुमच्या हाताखाली तीन वर्षं. तुम्हाला माहीतच आहे, पाना धरायच्या आधी मी तुमचा आवाज धरला. घशातून खरखर काढायची, प्रत्येक वाक्याच्या आधी 'हां भो' लावायचं आणि शेवटचा शब्द अर्धा गिळायचा. झाले आबा. धुळ्याच्या दुकानातून मी चहावाल्याला फोन लावायचो, 'हां भो, चार कट धाड, साखर कमी.' चहा आला की तुम्ही विचारायचे कोणी सांगितला, आणि चहावाला शपथेवर सांगायचा की आबा, तुम्हीच. एकदा तर तुम्ही स्वतः खरा फोन लावला आणि तो म्हणाला, 'ए पोऱ्या, बास कर आता.' तुम्ही फोनकडे बघत बसले होते. मग माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा सिलिंग फॅनचं पातं इतकं मन लावून पुसत होतो की ते आरशासारखं झालं.

आता मी कुठं बसलोय ते सांगतो. समुद्रात. आपल्याकडे शेतात राखणीला माळा बांधतात ना, चार लाकडं रोवून, तसाच माळा, फक्त लोखंडाचा आणि गल्लीएवढा. खालून तेल काढतात, वर आम्ही राहतो. मुंबईहून हेलिकॉप्टरनं आणून टाकतात, अठ्ठावीस दिवस ठेवतात, मग अठ्ठावीस दिवस घरी. आज वारा जास्त आहे म्हणून उघड्यावरची कामं बंद केलीत आणि मी चहाच्या खोलीत बसलोय. बाहेर बघावं तर पाणी, आणि दुसरीकडच्या खिडकीतून बघावं तर तेच पाणी. धुळ्यात कोणाशी वाजलं की आपण गल्ली बदलायचो. इथं गल्लीच नाही. ज्याच्याशी भांडलो तोच माझ्या वरच्या बर्थवर झोपतो आणि त्याचे पाय माझ्या नाकासमोर लोंबतात. पहिल्या आठवड्यात मी रोज मोजायचो, या टोकापासून त्या टोकापर्यंत किती पावलं. रोज तेवढीच भरायची.

जळगावात काय वाईट होतं, असं तुम्ही विचाराल. वाईट काही नव्हतं. तुमच्यानंतर मी तिथं जाऊन सोन्याच्या दुकानांची कामं केली, बँकेच्या शाखा केल्या, एक दवाखाना केला. पण आबा, सात-आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या छताकडे बघत होतो. मान वर, हातात दिवा, खालून शेठ सांगतोय की अजून थोडा डावीकडे, हारावर पडला पाहिजे उजेड. डोळ्यात पीओपीचा भुगा. एक दिवस शिडीवर उभ्या उभ्या मला वाटलं, आपण म्हातारे होईपर्यंत हाच हार आणि हाच उजेड. पारोळ्याचा आमचा एक मित्र असाच समुद्रात गेला होता, तो सुटीवर आला की लाल डगला घातलेले फोटो दाखवायचा, मागं हेलिकॉप्टर. मी एजंट गाठला. एजंट म्हणाला, 'दुकानाच्या वायरिंगचा अनुभव चालत नाही भाऊ. इंडस्ट्रियल पाहिजे. एका ठिकाणचा, पाच वर्षांचा.' मी म्हटलं, 'दोन-तीन ठिकाणचा जोडून होतो की.' तो म्हणाला, 'जोडायला तू काय वायर जोडून राहिला का?'

मग मी अक्काकडे गेलो. तुमच्या माघारी ती घरात एकटीच असते. पत्र्याच्या पेटीत तुमचं कागदाचं पॅड आणि शिक्का अजून तसाच होता. अक्कानं विचारलं, 'कसाले पाहिजे तुले?' मी म्हटलं, एका गिऱ्हाईकाला जुन्या कामाचं लिहून द्यायचंय. तिनं पदरानं पुसून दिलं, आणि त्यावर मी लिहिलं की हा पोऱ्या पाच वर्षं माझ्याकडे कारखान्यांच्या कामावर होता. तुमचा फोनही तिनं चालू ठेवलेला आहे, दर महिन्याला रिचार्ज करते. 'कोनी तरी फोन करस, मंग सांगनं पडस,' म्हणाली. आठ वर्षांत जेवढ्या लोकांनी केला त्या सगळ्यांना तुम्ही गेल्याचं तिनं एकटीनं सांगितलं. आणि मी तिला म्हटलं, अक्का, याचा आवाज खालावलाय, दुरुस्त करून आणतो. फोनला काही झालेलं नव्हतं.

नऊ दिवस तो खिशात घेऊन फिरलो. एक फोन नाही. अक्काचे निरोप यायला लागले की दे माझा फोन. दहाव्या दिवशी द्यायला गेलो तर ती चुलीजवळ ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. गॅस आहे घरात, पण भाकरी चुलीवरच, ही तुम्हीच लावलेली सवय. म्हणाली, बस, खाऊन जा. मी पाटावर बसतोय आणि फोन हातात वाजायला लागतो. मुंबईचा नंबर. बाहेर पळावं तर दारात अक्काची बकरी बांधलेली. मी विचार केला नाही, आबा. घसा आपोआप खरखरला.

'हां भो, बोलो.'

तिकडून कंपनीचा साहेब. हिंदीत विचारायला लागला, हा मुलगा तुमच्याकडे होता का, किती वर्षं, कसं काम करतो. मी धडाधड सांगत गेलो. मग त्यानं विचारलं, 'चालू लाइन पे हात डालता है क्या? सेफ्टी कैसी है उसकी?'

आणि मला बोलता येईना. हे तुम्हाला कसं सांगू. मला खोटं बोलता येत होतं, पण तुमच्या आवाजात येत नव्हतं. तुमच्या तोंडून ते निघेचना. मी पाटावर बसलोय, समोर चूल आहे, आणि मला सावद्याचं ते केळी पिकवायचं गोदाम दिसतंय.

तुम्ही शिडीवर आहात. वरच्या मोठ्या पंख्याचं कनेक्शन उघडलंय. चढायच्या आधी तुम्ही नेहमीसारखं बोर्डातलं पांढरं चिनी मातीचं फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकलंय. तुमचा तो नेम होता. कोणाचंही काम असो, किती छोटं असो, फ्यूज तुमच्या खिशात. 'फ्यूज खिशामा शे म्हनीसन मी आठे शे,' खिशात फ्यूज म्हणून मी इथं जिवंत, असं तुम्ही गिऱ्हाईकालाही सांगायचे. आणि माझ्या पिशवीत तसंच एक जादा फ्यूज आहे. मला वाटतं, लावून बघू, पंखा एकदम घरघरला की आबा कसे दचकतील. फक्त घरघर. हात कुठं आहे त्यांचा, हे मी बघितलंच नाही. मी फ्यूज दाबलं आणि तुम्ही आवाज न करता खाली आले. केळीच्या घडांवर पडले, हिरव्या, कच्च्या. घड नसते तर फरशी होती. तुमचा अंगठा काळा झाला होता. तुम्ही उठले आणि सगळ्यात आधी खिशात हात घातला. फ्यूज होतं तिथं. मग बोर्डाकडे बघितलं, तिथंही होतं. मग माझ्याकडे.

कानाखाली अशी बसली की डावा कान संध्याकाळपर्यंत गुणगुणत होता. 'हाई मस्करी नही शे. दात काढू नको.' मी दात काढत नव्हतो, आबा, घाबरलो की माझं तोंड तसं होतं. गोदामाचा मालक धावत आला, तर तुम्ही म्हणाले, 'काही नही भो, पाय घसरना.' त्यानंतर हे तुम्ही कोणाजवळ बोलले नाहीत, अक्काजवळही नाही.

मला वाटलं, हाकलतील. दुसऱ्या दिवशी त्याच गोदामात तुम्ही त्याच शिडीजवळ गेले, फ्यूज उपसलं आणि ते माझ्या शर्टाच्या खिशात घातलं. 'आते तुना खिशामा.' आणि वर चढले. मी तीन तास त्या शिडीखाली खिशावर हात ठेवून उभा होतो. मला लघवीला लागली होती तरी हललो नाही. तुम्ही वरून मुद्दाम हळूहळू काम करत होते, हे मला नंतर कळलं. एवढा जखडलेला मी अजून कधी राहिलो नाही. इथंसुद्धा नाही.

तर फोनवर साहेब वाट बघतोय. आणि तुमच्या आवाजात मी म्हणतो, 'एक बार गलती किया उसने. बहुत बडी. मैंने कान के नीचे दिया. उसके बाद नहीं किया.'

तो हसला. म्हणाला, 'उस्ताद, सब लोग बोलते हैं हमारा लडका हीरा है. आप पहले आदमी हो जिसने गलती बताई.' आणि मला नोकरी लागली. कागद आणि फोन मिळून तेवढं एकच बोलणं खरं होतं, आणि त्याच्यावरच लागली.

फोन ठेवला तेव्हा तव्यावरची भाकरी जळत होती. अक्काचे हात परातीत तसेच. मला वाटलं आता उलथनं येतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, 'आखो एकदाव बोल.'

मी म्हटलं, काय बोलू?

'त्या बोलेत ना, जेवाले बसताना. ते बोल.'

तुम्ही काय बोलायचे ते मला माहीत होतं, तीन वर्षं तुमच्याच घरी जेवलो. मी म्हटलं, 'हां भो, वाढ. मिरचीनं तोंड जयनं तरी चालई.' अक्कानं जळकी भाकरी काढून बाजूला टाकली, दुसरी थापली, ताटात वाढली. डोळे पुसले का, तर नाही. नुसती म्हणाली, 'भूक लागनी व्हई.' कोणाला म्हणाली ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून तो नेमच झाला. समुद्रात यायला निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे जेवतो आणि तुमच्यासारखं बोलतो, दोन-चार वाक्यं. इथूनही आठवड्यात एकदा फोन लागतो तेव्हा तेच. मी कधी माझ्याच आवाजात बोलून फोन ठेवायला लागलो तर ती म्हणते, 'बस, एवढंच?'

इथलं काम मला जमलं, हे सांगायचं राहिलं. यायच्या आधी ट्रेनिंगला हौदात बुडवतात. पत्र्याचा डबा असतो हेलिकॉप्टरसारखा, आत पट्ट्यांनी बांधतात, डबा पाण्यात उलटा करतात आणि म्हणतात, ये बाहेर. गावच्या पाटात पोहलेला माणूस मी, तरी दोनदा माझे हात पट्टा सोडायचंच विसरले. तिसऱ्यांदा आलो. इथं प्रत्येक दिवा तोफेच्या गोळ्यासारखा जाड लोखंडात बसवलेला, कारण एक ठिणगी पडली तर आम्ही सगळे एकदमच वर जाऊ. एक बल्ब बदलायचा तर तीन सह्यांचा कागद. आणि ज्या मशीनला हात लावायचा तिचा स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. पहिल्या दिवशी हे शिकवायला लागले तेव्हा बाकीची पोरं वहीत लिहून घेत होती. मी म्हटलं, हे तर आमच्या आबाचं फ्यूज. तोंडातून निघून गेलं आणि तिथंच मी फसलो.

सेफ्टीचे साहेब केरळचे आहेत, चांगला माणूस. त्यांना ती खिशातल्या फ्यूजची गोष्ट फार आवडली. तीनदा सांगायला लावली. आणि परवा सेफ्टीचा दिवस होता, तर सकाळी मला म्हणाले, आज जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर तुझ्या उस्तादला फोन लावू, स्पीकरवर. त्यांनीच सांगू दे. नंबर तुझ्या फाइलमध्ये आहे.

आबा, मला सांगा, मी काय करणार होतो. मी इथं, फोन धुळ्यात. एकच माणूस दोन्हीकडे कसा बोलेल. आधी अक्काला सांगावं म्हणून धावलो तर फोनच्या खोलीला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात. पोट दुखतंय म्हणालो तर डॉक्टरनं गोळी दिली आणि हॉलमध्ये बसवलं. चाळीस माणसं. साहेब नंबर दाबतायत. मी दाराकडे बघितलं, दाराबाहेर समुद्र. खोटा कागद निघाला की हेलिकॉप्टरमध्ये बसवतात आणि नाव सगळ्या कंपन्यांना कळवतात. मग पुन्हा तो हार आणि तो उजेड, तेही कोणी दिलं तर. मी हिशोब केला की अक्का म्हणेल, 'त्या तं जाई आठ वरीस व्हयनात,' तेवढ्या एका वाक्यात सगळं संपेल. आणि तिचा काय दोष, ती खरंच सांगेल.

फोन उचलला गेला. साहेबांनी सगळं समजावून सांगितलं, हिंदीत, सावकाश. आम्ही समुद्रातून बोलतोय, तुमच्या यजमानांचा शिष्य इथं आहे, त्यांना फोन द्या. पलीकडे भांड्याचा आवाज. मी डोळे मिटले.

मग अक्का म्हणाली, 'वो न्हाने कू गये. बैठो जरा.'

चाळीस माणसं हसली. फोनवर 'बैठो जरा' ऐकून साहेब खरंच खुर्चीत बसले. म्हणाले, किती वेळ लागेल? अक्का म्हणाली, 'उनकू टाइम लगता. साबण बहुत लगाते.' पुन्हा हसले. साहेब म्हणाले, माताजी, मग तुम्हीच सांगा, ते फ्यूज खिशात ठेवतात ते खरं का? आणि अक्का सुटली. अर्धं हिंदी, अर्धं अहिराणी, मला मध्ये मध्ये उभं राहून सगळ्यांना समजावून सांगावं लागलं. म्हणाली, मी शर्ट धुवायला घेते तर खिशात दगडासारखं काही लागतं. बघते तर फ्यूज. काम संपलं की परत लावायचं, तर हे विसरून घरी आले. मी विचारते, कोणा घरना उजेड खिशामा लई उनात? मग तशाच ओल्या हातानं मी ओरडते आणि हे सायकल काढून परत जातात. 'एक बार पारोळे का दुकान. वो तो दो दिन अंधेरे में,' म्हणाली, आणि तिथं थोडी थांबली.

ती का थांबली ते त्या हॉलमध्ये मला एकट्यालाच माहीत होतं. पारोळ्याच्या कपड्याच्या दुकानाचं फ्यूज, तुम्ही गेले त्या दिवशी दवाखान्यातून आमच्या हातात दिलेल्या तुमच्या शर्टात होतं. ते परत लावायला मी गेलो होतो.

साहेबांनी विचारलं, मग उस्तादजी कधी भेटतील? अक्का म्हणाली, 'शाम कू आएंगे.' टाळ्या वाजल्या. मला लाडू दिला.

काल मला फोन मिळाला. मी म्हटलं, अक्का, तू खोटं कशाला बोलली? ती म्हणाली, 'तुनी नोकरी गई असती.' मग म्हणाली, 'आनि खरं सांगू का, बरं वाटनं रे. इतला दिन व्हयनात, कोनी इचारनं नही त्या कथा गयात म्हनीसन.' ते कुठं गेले, एवढंच कोणीतरी विचारायला पाहिजे होतं तिला. आता मी हे कुठं जाऊन कबूल करू, आबा? माझं एकट्याचं असतं तर कदाचित केलंही असतं, हौदातून बाहेर आलो तसा याच्यातूनही आलो असतो. पण आता त्यात अक्का आहे. मी खरं बोललो तर ती खोटी पडते, आणि तुम्ही दुसऱ्यांदा जाता, या वेळी चाळीस माणसांसमोर.

आणि साहेब सोडत नाहीत. म्हणाले, तू सुटीवर गेलास की उस्तादचं बोलणं फोनवर भरून घे, बाकीच्या प्लॅटफॉर्मवरही ऐकवू. अकरा दिवसांनी मी सुटतो.

म्हणून आज सकाळी वारा सुटला तेव्हा मी लाइफबोटीजवळ जाऊन सराव केला, कोणाला ऐकू जाणार नाही असा. घसा खरखरवला, 'हां भो' म्हटलं, शेवटचा शब्द गिळला. सगळं बरोबर केलं. आणि तो माझाच आवाज होता. सर्दी झालेल्या माणसाचा असतो तसा जाड केलेला माझाच आवाज. दहा-बारा वेळा केलं. तुम्ही 'पोऱ्या' कसं म्हणायचे, त्यातला 'ऱ्या' वर जायचा का खाली, तेच आठवेना.

हे आजचं नाही. काल अक्कानं नेहमीसारखं बोलायला लावलं तेव्हाच मला कळलं होतं. मी बोललो. ती म्हणाली, 'सर्दी व्हयनी का तुले?' मी म्हटलं, हो, समुद्राचा वारा. ती म्हणाली, हळद घालून दूध घे.

मला सर्दी झालेली नाही, आबा, तुमचा आवाज सुटत चाललाय. कुठं धाडायला पत्ता नाही म्हणून हा कागद मी पेटीत कपड्यांखाली ठेवून देणार आहे, पण तुमच्या कानावर हे कसंही गेलं, तर हात जोडतो, कोणाला सांगू नका. साहेबांना कळलं तर कळू द्या एक वेळ. अक्काला सांगू नका.